बोटं टेबलाखाली

शुक्रवारची रात्र, आम्ही सहा जण, पोटं तुडुंब आणि टेबलावर बिल. ‘‘ए, तू कर ना हिशोब!’’ असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की मी पर्समध्ये डोकं खुपसते, नाहीतर मला एकदम अर्जंट फोन येतो. वीस वर्षांची जुनी सवय आहे ही. शाळेत गणिताच्या तासालाच मला नेमकी तहान लागायची. खरं सांगू? हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी ताई ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेली आणि मनूचा अभ्यास माझ्याकडे आला. मनू म्हणजे माझी भाची. तिसरीत, सेमी-इंग्लिशला. बडबडी, चित्रं झकास आणि पाढे तर धडाधड! म्हटलं, हिला काय शिकवायचं?

पहिलं गणित घातलं, बाईसाहेबांना तहान लागली. दुसऱ्याला पेन्सिलला टोक करायचं होतं. तिसऱ्याला शू! माझा पारा चढला. ‘‘लक्ष कुठंय तुझं? एवढं सोपं येत नाही?’’ तेवढ्यात खोडरबर पडला म्हणून वाकले, तर टेबलाखाली तिची बोटं भराभर हलत होती. आठ अधिक पाच.

‘‘मावशी, आईला नको ना सांगूस,’’ ती एवढंच म्हणाली.

काय बोलणार? ती तहान माझ्या चांगल्याच ओळखीची होती.

मग मी पाढे मधूनच विचारले. ‘सात सक?’ गप्प. गाडी पुन्हा सात एके सातपासून! म्हणजे पाढे हे तिच्यासाठी नुसतं गाणं होतं. आजीनं ‘त्रेपन्न’ म्हटलं की मनू लिहिते ३५. यात सगळी चूक तिची नाही हो. मराठीत आपण तीन आधी बोलतो आणि पाच आधी लिहितो. शाळेतल्या ‘फिफ्टी थ्री’त मात्र पाच आधी. आणि ‘एकोणपन्नास’? नावात पन्नास, लिहिताना चार! २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं, तेव्हा केवढे जोक्स फिरले होते. मीही फॉरवर्ड केले होते. आता कळतंय, ते कुणासाठी होतं.

ओळखीच्या एका स्पेशल एज्युकेटरशी बोलले. मूल हुशार आहे, शिकवणंही नीट आहे, तरी आकडा म्हणजे ‘किती’ हेच त्याला उमगत नसेल, तर डिसकॅल्क्युलिया असू शकतो. पण अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाला तो नसतो. नजर, ऐकणं, बुडलेली शाळा, नुसती भीती, हे सगळं तपासायचं. निदान तज्ज्ञांनीच करायचं. आणि झालंच निदान, तर लपवायचं कशाला? दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात डिसकॅल्क्युलियाचा नावानिशी उल्लेख आहे.

तोवर आमचा घरगुती फंडा असा: दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. ‘त्रेपन्न’ म्हटलं की आधी पाच नोटा, तीन नाणी मांडायची, मगच लिहायचं. रोज एक डाव सापशिडी. घड्याळ लावायचं नाही. पंधरा मिनिटं झाली की वही बंद. ‘सोपं आहे’ म्हणायला सक्त मनाई, कारण सोपं असूनही येत नाही म्हणजे आपण ‘ढ’, असंच मूल धरून चालतं. आणि बोटं? खुशाल वापरा, पण टेबलावर!

ताई परतल्यावर मनूला विचारलं, ‘‘दोघी मिळून सांगूया? आधी मी माझं सांगते.’’ तहानेची गोष्ट ऐकून ताई उडालीच. ‘‘अगं, मला वाटायचं तू नाटकं करतेस!’’ मग मनू हळूच म्हणाली, ‘‘आई, माझं पण तसंच होतं.’’ ताईनं तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीची अपॉइंटमेंट घेतली.

मनू काही लगेच स्कॉलर झालेली नाही. काल पुन्हा ३५ लिहिलं. पण थांबली, नोटा मांडल्या आणि स्वतःच खोडलं. मीही गेल्या शुक्रवारी सगळ्यांसमोर मोबाइल काढून हिशोब केला. कुणी हसलं नाही.

तुमच्या घरात गणिताच्या वेळी कुणाला फारच तहान लागते का? ओरडण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा.