नागपूर खरंच ५६ अंशांवर गेलं होतं का? चुकलेल्या सेन्सरची गोष्ट आणि तुमच्या एसीचं बिल

३० मे २०२४. नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर एकच आकडा फिरत होता, ५६ अंश सेल्सियस!

रामदासपेठेजवळ पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे. हा आकडा तिथला. सोनेगावच्या केंद्रानं ५४ अंश दाखवले. भारतातला आजवरचा विक्रम राजस्थानच्या फलोदीचा, २०१६ मधला, ५१ अंशांचा. म्हणजे नागपूरनं तो पाच अंशांनी मोडला होता?

नाही. त्याच दिवशी नागपूर जिल्ह्यातली दुसरी दोन केंद्रं, वर्धा रोडवरचं कापूस संशोधन संस्थेचं आणि रामटेकचं, ४४ अंशांच्या आसपास होती. एकाच परिसरात १२ अंशांचा फरक कसा पडेल? हवामान खात्यानं नंतर स्पष्ट केलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले होते. तिथलाही सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता, असं तपासणीत निघालं.

तो सेन्सर पकडला गेला, कारण शेजारी तुलना करायला दुसरे सेन्सर होते. पण असाच एक सेन्सर तुमच्या बेडरूममध्ये आणि ऑफिसच्या भिंतीवरही आहे. तो कोण तपासतं?

एसीला खोली गार झाली हे कळतं कसं?

स्प्लिट एसीच्या आत, फिल्टरच्या मागे, मण्याएवढा एक सेन्सर असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि त्यावरून एसीतलं सर्किट खोली किती गरम आहे ते ओळखतं. तुम्ही लावलेला आकडा गाठला की साध्या एसीचा कॉम्प्रेसर बंद होतो, इन्व्हर्टर एसीचा मंदावतो. बिलातला सगळ्यात मोठा वाटा या कॉम्प्रेसरचाच असतो.

आता गंमत बघा. हा सेन्सर बसलेला असतो सात-आठ फुटांवर. गरम हवा वर चढते. त्यात नागपूरचा वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब. तुम्ही खाली गादीवर चादर ओढून झोपलेले असता आणि सेन्सरला वाटतं, अजून खोली गरम आहे. कॉम्प्रेसर चालूच.

याच्यावरचा सोपा उपाय म्हणजे पंखा. छताचा पंखा हळू चालू ठेवला की वरची-खालची हवा मिसळते, सेन्सरला खरं तापमान कळतं आणि अंगाला वारा लागल्यानं २६ अंशही पुरतात. काही एसींच्या रिमोटमध्येही सेन्सर असतो. तो पर्याय चालू केला, तर रिमोट जिथे ठेवाल तिथलं तापमान मोजलं जातं. मात्र रिमोट टीव्हीच्या मागे किंवा उन्हात ठेवू नका.

आणि हो, बाहेरून आल्या आल्या १६ लावल्यानं साध्या एसीत खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर त्याच वेगानं चालतो, फक्त थांबत नाही.

एका अंशानं असा काय फरक पडतो?

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं गणित असं आहे: एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या रूम एसींना २४ अंश हे डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं झालं. तुम्ही ते बदलू शकता, पण एसी सुरू होतो २४ वर.

समजा तुमचा एसी २० अंशांवर चालून महिन्याला २४० युनिट खातो. तो २४ वर आणला तर अंदाजे ५० युनिट वाचतील. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पुढे दर चढत जातो. त्यामुळे वाचणारे युनिट हे बहुतेकदा तुमच्या बिलातले सगळ्यात महागडे युनिट असतात.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी नव्या एसींचं तापमान २० ते २८ अंशांतच ठेवता येईल असा नियम आणण्याची घोषणा केली. त्यावर सोशल मीडियावर बराच गदारोळ झाला. नंतर पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी २०५० च्या आधी असं काही होणार नाही, असं सांगितलं. पण या वादात एक मुद्दा राहून गेला. सेन्सरच चुकीच्या जागी असेल, तर रिमोटवरच्या २४ ला अर्थ काय?

ऑफिसांमध्ये तर वेगळीच तऱ्हा

सेंट्रल एसी असलेल्या इमारतीत भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. तो बसवायला हवा आतल्या भिंतीवर, साधारण चार-पाच फुटांवर, ऊन, एसीचा झोत आणि यंत्रं यांच्यापासून लांब. प्रत्यक्षात तो कधी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर सापडतो, कधी झेरॉक्स मशीनच्या बाजूला. मग तो कोपरा गरम म्हणून अख्खा मजला गारठतो आणि मे महिन्यात लोक स्वेटर घालून बसतात.

चांगल्या इमारतीत मजल्याचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळा सेन्सर देतात. पश्चिमेच्या बाजूला दुपारी जास्त गारवा, रिकाम्या मीटिंग रूमला कमी. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता देशात २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली. तिचा रोख मोठ्या आणि नव्या इमारतींवर आहे. पण शहरातल्या बहुतेक इमारती आधीच उभ्या आहेत आणि तिथला थर्मोस्टॅट दोन फूट सरकवायला कुठला कायदा लागत नाही.

पण याचा कोराडीशी काय संबंध?

नागपूरच्या उंबरठ्यावर कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आहे, क्षमता २१९० मेगावॅट. शेजारी खापरखेडा. तिथे कोळसा जळतो आणि राख आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला येते. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मे २०२३ मधल्या जनसुनावणीत त्याला जोरदार विरोध झाला. नवे संच हवेत का, या वादात विजेची वाढती मागणी हाच मोठा युक्तिवाद असतो. आणि उन्हाळ्यात ती मागणी वाढवणाऱ्यांत एसी पुढे आहे.

एसी ज्यांच्याकडे आहे ते वेगळे आणि टिनाच्या छताखाली, कूलरसमोर किंवा तोही नसताना नवतपा काढणारे वेगळे. एसी बाहेर फेकतो ती गरम हवाही त्यांच्याच गल्लीत जाते.

मग सेन्सर बसवला की झालं?

नाही. सेन्सर फक्त सांगतो, वाचवत नाही. स्लॅब तापत असेल तर छताला पांढरा परावर्तक रंग, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा आणि दाराच्या फटी बुजवणं हे आधी. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

तरी सुरुवात स्वस्तात करता येते. एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा. रात्री उशाच्या उंचीवर ठेवा आणि एसीच्या आकड्याशी ताडून बघा. रिमोट २४ म्हणतोय आणि उशाशी २१ असतील, तर ते तीन अंश तुम्ही उगाच विकत घेताय.

५६ अंशांचा खोटा आकडा एका दिवसात पकडला गेला, कारण कोणीतरी दुसऱ्या सेन्सरकडे पाहिलं होतं. घरातही तेवढंच करायचं आहे.