‘आपल्याकडचा’ एचआयव्ही

‘तिकडची औषधे तिकडच्या विषाणूसाठी; आपल्याकडचा एचआयव्ही निराळा.’ हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या हाती एक खरी गोष्ट असते. अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात एचआयव्ही-१चा ‘बी’ उपप्रकार प्रामुख्याने आढळतो, तर भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत ‘सी’. दोन उपप्रकारांच्या बाह्यावरणातल्या प्रथिनांत २५ ते ३५ टक्के फरक असू शकतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि रुग्णाला गोळ्यांपासून दूर नेणारा म्हणून घातकही.

ही वाटणी मातीने किंवा रक्ताने केलेली नाही. जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१च्या ‘एम’ गटाचे मूळ काँगोतल्या १९२०च्या आसपासच्या किन्शासात, म्हणजे तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलमध्ये सापडते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्या शहरातून वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे रेल्वेने जा-ये करत. त्याच रुळांवरून विषाणू दक्षिणेकडच्या खाणींच्या मुलखात पोचला. तिथे ‘सी’ फोफावला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत उतरला. ‘बी’चा पूर्वज १९६०च्या दशकात हैतीला गेला, तिथून अमेरिकेला. जिथे जो आधी पोचला, तिथे त्याचीच वंशावळ वाढली. काँगोत मात्र जवळजवळ सगळे उपप्रकार शेजारी-शेजारी सापडतात.

औषधांचे काय? विषाणूचे बाह्यावरण झपाट्याने बदलते. पण औषधे ज्या विकरांना अडवतात, त्यांचे कळीचे भाग फारसे बदलत नाहीत. २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केला. पुढे अशाच स्वस्त भारतीय गोळ्यांनी आफ्रिकेतल्या लाखो ‘सी’बाधितांना जगवले. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

तरीही ‘विषाणू सगळीकडे सारखाच’ हे दुसरे टोकही मान्य करता येत नाही. सुरुवातीच्या काही व्हायरल लोड चाचण्या ‘बी’ समोर ठेवून बनल्या होत्या. ‘ए’सारख्या उपप्रकारांत त्या विषाणूची संख्या प्रत्यक्षाहून कमी दाखवत. चाचणीच चुकली तर डॉक्टरांनी भरवसा कशावर ठेवायचा? ‘सी’मध्ये टेनोफोव्हिर या औषधाला दाद न देणारा ‘के६५आर’ हा बदलही अधिक सहज घडतो. आणि नेव्हिरापिन हे औषध तर पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या, भारतातही तुरळक आढळणाऱ्या एचआयव्ही-२वर चालतच नाही. तो मात्र उपप्रकार नव्हे, वेगळा विषाणूच.

खरा अन्याय संशोधनात झाला. जगातल्या जवळपास निम्म्या संसर्गांमागे ‘सी’ असताना बराच काळ प्रयोगशाळांचे लक्ष ‘बी’वर होते. ही चूक सुधारायची तर इथल्या रुग्णांच्या नमुन्यांतले जनुकक्रम सातत्याने वाचले गेले पाहिजेत, आणि लशीही त्यांच्यावर बेतल्या पाहिजेत. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५मध्ये देशातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी सुरू झाली, ती ‘सी’च्याच जनुकांवर बेतलेल्या लशीची. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागवू शकली नाही. त्या चाचणीतल्या ३० स्वयंसेवकांनी दंड पुढे केला, तो मात्र योग्य प्रश्नासाठी.