‘जतन करा’ला कोलामीत काय म्हणाल?

2019 साली यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठीची संगणकावरही सोय झालीच आहे: लिब्रेऑफिस फुकट मिळतं, मराठीत उघडतं. भाषांतर कुठे कुठे इतकं जड, की इंग्रजी बरं वाटावं; पण आहे. कंबोडियात ‘ख्मेरओएस’च्या मंडळींनी असंच मुक्त सॉफ्टवेअर ख्मेरमध्ये आणलं, त्यासाठी कुठल्या कंपनीची परवानगी लागली नाही.

त्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी, मारेगावच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, मात्र कोलामी बोलतात. द्रविड कुळातली ही भाषा. तिला स्वतःची लिपी नाही, म्हणजे देवनागरीचे फॉन्ट नि कळफलक आयतेच. शेजारच्या गोंडीची मसराम लिपीसुद्धा 2017 मध्ये युनिकोडात आली. अडलंय ते ‘सेव्ह’साठीच्या ‘जतन करा’सारख्या शब्दांवर. धान्य जपून ठेवायला पोडावरची आजी काय म्हणते, तिथून सुरुवात करता येईल.