बॅटरी फुल्ल, ब्रेक गुल?

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यामुळे मी ईएमआयवर इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले, बाबांनी मात्र गाडीत डोकावून एकच प्रश्न विचारला, ‘‘गिअर कुठंय?’’ तसा गिअर नसतो म्हटल्यावर दुसरा, ‘‘मग घाट कसा उतरणार?’’ मी हसून सोडून दिलं. बाबा पण ना!

त्या हसण्याची किंमत मी खंडाळ्यात मोजली.

ठाण्याला मावसभावाचा साखरपुडा होता. पुण्याहून निघून रात्रीचा मुक्काम लोणावळ्याला, मैत्रिणीच्या बंगल्यावर. पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावली आणि झोपले. सकाळी बघते तर बॅटरी १०० टक्के! एकदम खूश. मागे चिक्कीची पाकिटं, शेजारी बाबा, आणि एक्स्प्रेस-वेचा उतार सुरू झाला. नेहमीसारखा अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. एरवी एवढ्यानेच गाडी दबते. त्या दिवशी दबलीच नाही. उलट पळायला लागली! समोर कंटेनर. पोटात गोळा आला. घाईघाईने ब्रेक दाबला, गाडी आवरली. बाबांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं. बोलले काहीच नाहीत. तेच जास्त लागलं.

ठाण्याला पोचल्यावर मी पहिल्यांदा गाडीचं मॅन्युअल उघडलं. (खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणांनी उघडलंय?) गाडीत काही बिघाड नव्हताच. बिघाड माझ्या माहितीत होता.

लहानपणीचा सायकलचा डायनॅमो आठवतोय? तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा, पण पेडल जड व्हायचं. इलेक्ट्रिक गाडीत हेच होतं. पाय उचलला की चाकं मोटरला फिरवायला लागतात, मोटरचा जनरेटर होतो, वीज बॅटरीत जाते आणि त्या ओढीने गाडी हळू होते. याला म्हणतात रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, लाडाने ‘रिजेन’. पेट्रोलच्या गाडीत हीच ताकद ब्रेक पॅड डिस्कवर घासून नुसती गरम हवा होऊन जाते.

ताकद म्हणजे किती? माणसं-सामान धरून दीड-पावणेदोन टनाची गाडी घाटात साधारण ५०० मीटर खाली उतरते. गणित केलं तर दोन युनिटच्या वर वीज होते. घरातला सीलिंग फॅन दिवसरात्र चालेल एवढी! टायर, वारा आणि बाकीची गळती वजा जाता त्यातली निम्मी जरी परत मिळाली तरी फुकटची कमाई.

पण भरलेल्या माठात पाणी ओतून काय होणार? बॅटरी गच्च भरलेली असली की गाडीचा कॉम्प्युटर रिजेन कमी करतो, कधी जवळजवळ बंदच करतो. बॅटरी खूप थंड असली तरी तसंच. मुंबईकरांच्या लोकलचं बरं असतं. २००७ पासून आलेल्या नव्या लोकल ब्रेक लावताना तयार झालेली वीज वरच्या तारेत परत देतात, ती दुसरी लोकल वापरते. आपल्या गाडीला शेजारीण नाही.

घाबरू नका, ब्रेक गुल होत नाहीत. डिस्क, पॅड, ब्रेक ऑइल हे सगळं प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत असतंच. अगदी शेवटी गाडी पूर्ण थांबवायचं काम तेच करतात, कारण कमी वेगात रिजेनमध्ये दम राहत नाही. अचानक जोरात ब्रेक मारावा लागला तर मुख्य भिस्तही त्यांच्यावरच. बऱ्याच गाड्यांत तुम्ही पेडल दाबलं की किती काम मोटरने करायचं आणि किती पॅडने, हे कॉम्प्युटर ठरवतो. पण रिजेन नसताना अख्खा घाट नुसत्या पॅडवर उतरवलात तर ते तापतात, पकड ढिली पडते. जुनं ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. बाबांचा प्रश्न नेमका हाच होता.

तर वीकेंडला घाट उतरणार असाल तर वरच्या गावात बॅटरी ८०-८५ टक्क्यांवरच थांबवा. उताराच्या आधी रिजेनची लेव्हल वाढवा. वीज वाचवायला न्यूट्रल टाकू नका, त्याने रिजेनच जातं. आणि पॅड कमी वापरले जातात म्हणून खूश होऊ नका. पावसाळ्यात न वापरलेल्या डिस्कवर गंज चढतो. मागे गाडी नाही असं बघून अधूनमधून पेडल जरा जोरात दाबा, डिस्क घासून साफ होते. ब्रेक ऑइलही वेळेवर बदला, ते हवेतला ओलावा शोषून घेतं.

पुढच्या खेपेला लोणावळ्यात मी ८० वरच प्लग काढला. बाबा शेजारीच होते. उतारावर पाय उचलला, गाडी छान दबली, स्क्रीनवर चार्जिंगची हिरवी पट्टी वर चढली. बाबा बराच वेळ ती पट्टी बघत होते. खोपोलीशी आलो तर बॅटरी दोन टक्के वाढलेली.

‘‘म्हणजे गिअर आहे की,’’ बाबा म्हणाले. ‘‘फक्त त्याला रिकामं पोट लागतं.’’

एसटीच्या ड्रायव्हरला एका वाक्यात कळलं. मला त्यासाठी एक कंटेनर लागला.