गुळाचा कैवार आणि सुईची भीती

कुंडलच्या बाजूला एखाद्याला शुगर निघाली, की तीन सल्ले हमखास मिळतात. साखर सोड, गूळ खा. रानात राबणाऱ्याला काय होतंय? आणि काही झालं तरी इन्सुलिन घेऊ नको, ते पुन्हा सुटत नाही. सल्ले मायेपोटी दिलेले असतात, पण तिन्ही घातक आहेत.

ऊस आणि साखर कारखान्यावर जगणाऱ्या या पट्ट्यात गुळाचा अभिमान असणारच. गुळात थोडे लोह असते, हेही मान्य. पण त्याचा बहुतांश भाग साखरेत असते तेच सुक्रोज असतो. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

श्रमाचा मुद्दा अर्धा खरा आहे. राबणारे स्नायू रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात, इन्सुलिनही नीट लागू पडते. पण बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, रानात जायला मोटारसायकल आली. जेवण मात्र तेच राहिले. तालीम सोडून खुराक चालू ठेवणाऱ्या पैलवानासारखी ही गत झाली. शिवाय काटक अंगाचा भरवसा धरू नये. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत मायलेकरांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी जेमतेम पावणेतीन किलोंची. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा त्यांचे स्नायू फार कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून किरकोळ दिसणाऱ्या देहातही मधुमेहाची तयारी अशी जन्मापासून असू शकते.

सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो इन्सुलिनवर. ते व्यसन लावणारे औषध नव्हे. आपल्याच स्वादुपिंडात तयार होणारे ते संप्रेरक आहे. पेशींना ग्लुकोज आत घेता यावे, ही त्याची कामगिरी. ते कमी पडले, तर बाहेरून द्यावे लागते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये मरणाच्या दारातल्या १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचले आणि तो आणखी १३ वर्षे जगला. काहींची सुई पुढे सुटते, काहींची सुटत नाही. ते स्वादुपिंडात किती जोर उरला आहे यावर ठरते. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यांची सुई कुणाच्या सांगण्यावरून बंद करणे म्हणजे त्यांचा जीव घेणे आहे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. आकडा १२६ किंवा त्याहून वर आला, तर गुळाच्या ढेपेकडे न वळता डॉक्टरांकडे जा. त्यांनी सुई सांगितली, तर ती घ्या.