दोरी कुणाला दिसते?

वसतिगृहातल्या आमच्या खोलीत गेल्या वर्षी दोन सिनेमे पाहिले. एक लॅपटॉप, सहा जण, आणि स्पॅनिश कुणालाच येत नसल्यामुळे खालच्या इंग्रजी ओळी मोठ्याने वाचून त्यांचे मराठी करणारा मी. माझे इंग्रजी काही फार चांगले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण इतरांचे इंग्रजी माझ्याहूनही कच्चे, म्हणून हा मान माझ्याकडे आला. दोन्ही सिनेमे एकाच दिग्दर्शकाचे, पेद्रो आल्मोदोव्हार यांचे. दोन्हींत एकच नट, आन्तोनिओ बांदेरास. दोन्हींत प्रेमासाठी माणसाला डांबून ठेवलेले. तरी एक पाहताना आम्ही पोट धरून हसलो आणि दुसरा पाहताना आमची दातखीळ बसली. असे का व्हावे, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही आधी पाहिला तो १९९० साली आलेला 'आतामे', म्हणजे 'मला बांध'. मनोरुग्णालयातून सुटलेला रिकी एका नटीच्या घरात घुसतो, तिला पलंगाला बांधतो आणि तिच्यापुढे आपला संसाराचा बेत मांडतो. तिने आपल्यावर प्रेम करावे, आपण तिचे चांगले पती होऊ, तिच्या मुलांचे चांगले बाप होऊ, एवढेच त्याचे म्हणणे! आणि तो वागतोही अगदी कर्तव्यदक्ष नवऱ्यासारखा. तिला कमी टोचेल अशी चिकटपट्टी तो दुकानात जाऊन शोधतो. तिची दाढ दुखते, साध्या गोळ्यांनी तिला गुण येत नाही, तेव्हा तिच्यासाठी अंमली औषध आणायला तो रस्त्यावर जातो आणि मार खाऊन परततो. हळूहळू ती त्याच्यावर भाळते. पुढे तर आपण पळून जाऊ नये म्हणून मला बांधून ठेव, असे तीच त्याला सांगते. शेवटी बहीण तिला सोडवते, पण दोघी मिळून त्याला शोधायला त्याच्या ओसाड गावी जातात आणि तिघे मोटारीतून गाणे म्हणत निघतात. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याच्या तीन वर्षे आधीचा, १९८७ चा सिनेमा पाहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'वासनेचा कायदा'. यात बांदेरास जो तरुण होतो, त्याचेही नाव आन्तोनिओच. तो पाब्लो नावाच्या सिनेदिग्दर्शकाच्या प्रेमात पडतो. सुरुवातीची काही दृश्ये आम्ही घाईघाईने पुढे सरकवली, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण गंमत याही सिनेमात आहे. आन्तोनिओचे घर कर्मठ. आईच्या हाती पत्रे पडली तर काय, म्हणून पाब्लोने पत्राखाली एका बाईचे नाव लिहावे अशी त्याची अट! आणि पाब्लो तसे लिहितोही. हा आन्तोनिओ मत्सरापायी पाब्लोच्या आधीच्या प्रियकराला कड्यावरून ढकलून देतो. मग पाब्लोच्या बहिणीशी गोड बोलून तिच्या घरात शिरतो आणि अखेर तिला ओलीस धरतो. खाली पोलीस जमतात. त्याची मागणी काय? पैसा नाही, पळून जायला गाडी नाही. पाब्लोबरोबर एक तास! बहिणीला सोडवण्यासाठी पाब्लो वर जातो. तासभर पोलीस रस्त्यावर उभे राहून खिडकीकडे पाहत राहतात. तास संपतो आणि आन्तोनिओ स्वतःला गोळी घालून घेतो.

या तासाला आमच्या खोलीत कुणी हसले नाही. एक जण म्हणाला, "अरे, पण त्या पाब्लोला यायचं होतं का? त्याला जबरदस्तीनंच बोलावलं ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न अगदी बरोबर होता. मलाही तो पटला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र डोक्यात चमकले, की हा प्रश्न गेल्या शनिवारी आमच्यापैकी एकालाही कसा सुचला नाही? ती बाई तर दिवसचे दिवस पलंगाला बांधलेली होती!

आन्तोनिओने खून केला होता, रिकीने केला नव्हता, हा फरक मला मान्य आहे. पण आमच्या मित्राने विचारले ते खुनाबद्दल नव्हते, संमतीबद्दल होते. माझे म्हणणे एवढेच, की अपहरणातले प्रेम पाहायला आपले डोळे इतके सरावले आहेत, की बांधलेली जर बाई असेल तर आपल्याला दोरी दिसत नाही, नुसते प्रेम दिसते. तिच्या जागी पुरुष आला, की दोरी लख्ख दिसते. म्हणूनच अपहरणकर्ता आणि त्याचा बंदी हे दोघेही पुरुष असलेली काळी, विनोदी प्रेमकथा ही काही विकृत चूष नव्हे. ती एक आरसा आहे. तिच्यात आपल्या नेहमीच्या प्रेमकथेवरचा मुलामा उडतो आणि आतले लोखंड दिसते.

कुणी म्हणेल, हे सगळे स्पेनचे, आपला काय संबंध? मित्रांनो, आपल्या स्मृतिग्रंथांनी विवाहाचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत मुलगी बळाने पळवून आणण्याचाही एक आहे. त्याचे नाव 'राक्षस', तरी क्षत्रियाला तो चालतो. महाभारतात श्रीकृष्ण अर्जुनाला सल्ला देतो, की स्वयंवराचा काही भरवसा नाही, तेव्हा सुभद्रेला पळवूनच ने. त्यासाठी दूत पाठवून परवानगी घेतली जाते, पण ती कुणाची? धर्मराजाची. सुभद्रेला विचारायला दूत गेल्याचे काही आढळत नाही!

अण्णासाहेब किर्लोस्करांचे मोठेपण मला इथे वाटते. १८८२ साली त्यांनी 'सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांची सुभद्रा आधीपासूनच अर्जुनावर जीव टाकणारी होती. दुर्योधनाशी लग्न ठरल्याने ती व्याकूळ झालेली. म्हणजे हरणाच्या कथेत त्यांनी हरण होणारीची इच्छा घातली, आणि म्हणून तिथे आपण मोकळेपणी हसू शकतो. आणि आणखी एक गंमत पाहा. ती सुभद्रा होत असत भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. म्हणजे एक पुरुष दुसऱ्या पुरुषासाठी झुरतो, यतीचे सोंग घेऊन एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला पळवायला येतो, आणि समोर उभा महाराष्ट्र 'वन्स मोअर' देतो! मधे फक्त एक लुगडे होते. ते लुगडे काढले तर त्या टाळ्या थांबल्या असत्या की काय, हा प्रश्न मला छळतो.

आता घराजवळचे सांगतो. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. काकांनी त्यांना जत्रेतून उचलून बैलगाडीत घालून आणले, ही गोष्ट मी लहानपणापासून हसत ऐकत आलो. काका ती रंगवून सांगत. गाडीचे चाक कसे निखळले, मेव्हणे कसे काठ्या घेऊन धावले, सगळे! काकूही पदर तोंडाला लावून हसत. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा काका जाऊन दोन वर्षे झाली होती. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. धीर करून विचारले, "काकू, तुम्हाला यायचं होतं का हो तेव्हा?" त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "पंचावन्न वर्षं झाली. हे विचारणारा तू पहिलाच." मग सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

उत्तर त्यांनी दिले नाही. त्या सुखी नव्हत्या असे मी म्हणत नाही. काकांचे शेवटचे आजारपण त्यांनी ज्या मायेने काढले, ते मी पाहिले आहे. ती माया खोटी नव्हती. पण माया खरी होती म्हणून ती बैलगाडी बरोबर ठरते का?

स्टॉकहोममध्ये ऑगस्ट १९७३ मध्ये एका बँकेत चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवले होते. त्यांना आपल्याला धरणाऱ्यांविषयीच आपुलकी वाटू लागली, म्हणून त्या अवस्थेला त्या शहराचे नाव मिळाले. नाव दिले बाहेर पोलिसांबरोबर असलेल्या मानसरोगतज्ज्ञाने. आत असलेल्या क्रिस्टिन एन्मार्क यांचे म्हणणे वेगळेच होते. त्यांना पोलिसांच्या वागण्याचीच अधिक भीती वाटत होती. म्हणजे तिथेही तेच! आतल्या बाईच्या मनात काय आहे हे बाहेरच्यांनी ठरवले. कुणी त्याला प्रेम म्हणतो, कुणी रोग म्हणतो. विचारत कुणीच नाही.

माझ्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की विनोदाला एवढे तोलायचे कशाला? मी विनोदावर बंदी मागत नाही. उलट काळा विनोद हवाच, कारण भीतीकडे सरळ पाहण्याचे धैर्य तो देतो. फक्त हसू कुणावर उडते ते पाहावे. चिकटपट्टी शोधत फिरणाऱ्या रिकीवर हसलो, तर त्याच्या मालकीहक्कावर हसलो. बांधलेल्या बाईच्या धडपडीवर हसलो, तर आपणही त्या दोरीचे एक टोक धरले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समलिंगी प्रियकराला अपहरणकर्ता दाखवणे म्हणजे त्या माणसांना आणखी बदनाम करणे नव्हे काय? नुसता राक्षस दाखवला तर होय. पण आल्मोदोव्हार स्वतः समलिंगी आहेत आणि त्यांनी आन्तोनिओला राक्षस केलेले नाही. पाब्लोला ओढून आणण्याआधी तो स्वतःच आईच्या घरात बंदी होता. पत्राखाली स्वतःच्या प्रियकराचे नाव वाचण्याचीही ज्याला चोरी! इतरांना मागणी घालता येते, बँडबाजा लावता येतो. त्याला एक तास मागायलाही बंदूक लागली. त्याचा गुन्हा यामुळे माफ होत नाही. परंतु जिथे विचारण्याची वाटच बंद असते तिथे हिसकावण्याची वाट फुटते, एवढे यातून कळते.

आपल्याकडे ही वाट किती उघडली? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोवर दोन प्रौढ पुरुषांचे राजीखुशीचे प्रेमही कलम ३७७ खाली गुन्हा ठरू शकत होते. म्हणजे बंदूक न धरलेला पाब्लोही आपल्याकडे गुन्हेगारच! स्पेनमध्ये २००५ पासून अशी जोडपी लग्न करू शकतात. आपल्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. पण कायद्याने कुलूप काढले तरी दार उघडायचे काम आपले, वर्गातले, कट्ट्यावरचे, वसतिगृहातले. आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. दुसऱ्या सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात आम्ही जे शेरे मारले, ते इथे छापण्यासारखे नाहीत. त्यातले काही माझे होते. त्या सहांपैकी एखाद्याला ते ऐकून, आपले मन कधीच कुणाला सांगायचे नाही, असे वाटले नसेल कशावरून?

प्रेमकथा काळी असो की गोरी, दोन पुरुषांची असो की बाई-पुरुषाची, तिला एकच प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे. आतल्याला कुणी विचारले का? मी तो काकूंना विचारला, पण पंचावन्न वर्षे उशिरा. निदान आपल्या पिढीने तरी गाडी जुंपण्याआधी विचारावा.

— द्वितीय वर्ष, कला