इशाऱ्याची पातळी कोणी ठरवायची?

पंचगंगेला पाणी चढू लागले की कोल्हापुरात एकच प्रश्न कानी पडतो : "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी, ४३ धोक्याची. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीलाही हे आकडे पाठ आहेत. ३९ ऐकले की ती गोठ्यातली दावी सोडायला सांगते.

संध्याकाळी मी इंटरनेटच्या जोडण्या देणाऱ्या एका कचेरीत काम करतो. तेथेही असाच पहारा असतो. संगणक दर काही मिनिटांनी प्रत्येक जोडणीला हाक मारतो. 'ओ' उशिरा आली तर इशारा, फारच उशिरा आली तर धोका. हे काम करणारी नेगिऑस (१९९९, त्या वेळचे नाव नेटसेंट) व झॅबिक्स (२००१) ही साधने फुकट मिळतात आणि त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता येते.

वाद आहे तो पातळी भरण्याच्या रीतीचा. नेगिऑसमध्ये ती फाइलीत लिहावी लागते. एक कंस राहिला तरी नवी मांडणी नामंजूर होते. झॅबिक्समध्ये पडद्यावरचा फॉर्म भरायचा. जाणकार फाइलीची बाजू घेतात. आकड्याशेजारी कारण लिहिता येते, जुनी प्रत ताडून पाहता येते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे.

पण आमच्याकडे घडले ते निराळेच. नेगिऑसच्या नमुना-फाइलीतील १०० व ५०० मिलिसेकंद हे आकडे आम्ही जसेच्या तसे ठेवले. पावसाळ्यात फोन रात्रभर वाजू लागला, म्हणून त्याचा आवाज बंद केला. मग एके रात्री खरोखरच तार तुटली आणि एक गाव सकाळपर्यंत बंद राहिले. यंत्राने सांगितले होते. ऐकायला कोणी नव्हते. आकडे चुकीचे आहेत हे रात्रपाळीच्या आम्हा पोरांना कळत होते, पण फाइलीला हात लावण्याची छाती कोणाची नव्हती.

म्हणून माझे मत फॉर्मच्या बाजूने आहे. अनुभवी मंडळींना ते पोरकट वाटेल. परंतु घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे की, अवघड दारापाशी माणूस चूक दिसत असूनही गप्प बसतो. मात्र फॉर्म सोपा म्हणून त्यातले तयार आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. रात्री जागणाऱ्याला विचारून पातळी ठरवावी आणि तिचे कारण वर्णनाच्या रकान्यात मराठीत लिहावे. ३९ म्हणजे काय करायचे, हे आजीला कोणी इंग्रजीत सांगितले नव्हते.